सालनातले शेंगदाणे

एका कविसंमेलनानंतर चहा पिताना एका सज्जन गृहस्थांनी मला विचारलं, ‘‘तुम्ही मराठी इतकं छान लिहिता. पण घरी जेवायला काय असतं हो?’’ प्रश्नात वाईट काही नव्हतं. मी म्हटलं, ‘‘आज अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी होती.’’ त्यांचा थोडा विरस झाला. त्यांना बिर्याणी अपेक्षित होती. तो प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. गेल्या हिवाळ्यात पत्नीबरोबर दोन दिवस हैदराबादला गेलो, तेव्हा तो सोबतच होता.

आम्ही नांदेडचे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आमचा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. मराठवाड्यात तेव्हा विद्यापीठ नव्हतं, म्हणून वडील शिकायला उस्मानिया विद्यापीठात गेले. पुढे आयुष्यभर ते त्या शहराबद्दल बोलत राहिले, पण फक्त तिथल्या खाण्याबद्दल. १९४८ सालाचा विषय निघाला की गप्प होत. आधी रझाकारांच्या अत्याचारात आणि मग पोलीस कारवाईच्या वेळी किती घरं उजाड झाली, हे मला पुस्तकांतून कळलं. वडिलांकडून कळली ती इराणी चहाची कृती. चहाचा अर्क झाकण लावून मंद आचेवर ठेवायचा, दूध वेगळं आटवायचं आणि दोन्ही कपातच एकत्र करायचं.

तर पहिल्या सकाळी चारमिनारजवळच्या एका हॉटेलात तो चहा प्यालो. सोबत उस्मानिया बिस्किट, गोड आणि किंचित खारट. चहाची ही हॉटेलं इराणहून आलेल्या माणसांनी काढली, बिस्किटाला नाव शेवटच्या निजामाचं, आणि समोरच्या बाकावरचा पोऱ्या दुसऱ्या कपाला म्हणत होता, ‘‘नक्को.’’ हा शब्द दखनीने आपल्या मराठीकडून घेतला. ‘ऐसाच’ मधला ‘च’ही आपलाच.

१५९१ साली हे शहर वसवणारा मुहम्मद कुली कुतुबशाह स्वतः याच दखनीतला मोठा कवी. त्याने वसंतावर आणि पावसाळ्यावर लिहिलं, तसं फळांवर आणि भाज्यांवरही लिहिलं. राजाने भाजीवर कविता करावी, याचं मला कवी म्हणून फार कौतुक वाटतं.

दुपारी बिर्याणी. हैदराबादची खरी ओळख कच्च्या गोश्ताच्या बिर्याणीची. मसाल्यात मुरवलेलं कच्चं मटण खाली, अर्धवट शिजलेला भात वर, आणि भांड्याचं तोंड कणकेने बंद करून दम. या बिर्याणीबरोबर मिरचीचं सालन येतं. पत्नीने पहिला घास घेतला आणि थांबली. म्हणाली, ‘‘हे तर अम्मीचं भरल्या वांग्याचं वाटण!’’

खरंच होतं. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं आणि चिंच. तिथल्या बघाऱ्या बैंगनातही हेच. आपल्याकडे घरोघरी भरल्या वांग्यात हेच असतं, फार तर चिंचेशेजारी गुळाचा खडा. आता गंमत पाहा. यातली मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिकेतले. १४९८ साली पोर्तुगीज कालिकतला उतरले, त्यानंतरच मिरची आपल्याकडे आली. म्हणजे चारमिनार उभा राहिला तेव्हा मिरचीला या देशात येऊन शंभर वर्षंही झाली नव्हती. आज तिला कोणी विचारत नाही, बाई, तू कुठली?

दुसऱ्या दिवशी पहाटे बरकसला गेलो. निजामाच्या फौजेतल्या हद्रमौतच्या अरबांची ही वस्ती. बराकींचं बरकस झालं. तिथे गहू आणि मटण घोटून केलेला हरीस अजून सकाळी मिळतो, खारा आणि गोडही. त्याच हरीसाला इथल्या मसाल्याची, कोथिंबिरीची आणि तळलेल्या कांद्याची सोबत मिळाली आणि हैदराबादी हलीम झाला. २०१० साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१९ मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीच्या सर्जनशील शहरांत हैदराबादचं नाव घातलं.

परतताना मोअज्जम जाही मार्केटजवळ फळांची बिस्किटं घेतली. फाळणीत सिंध सोडून आलेल्या एका गृहस्थांनी १९५३ साली ही बेकरी काढली आणि तिला कराची हे नाव दिलं. गाव सुटलं तरी त्याचं नाव असं पाटीवर आणता येतं, हे पाहून मला वडिलांची आठवण झाली. त्यांचं हैदराबाद १९५६ साली दुसऱ्या राज्यात गेलं. ते त्यांनी घरातल्या चहात जपलं.

शहराचा इतिहास आपण कोणी राज्य केलं, यावरून मोजतो. कोण हरला, कोण जिंकला, याची नोंद तिथे असते आणि ती असायलाच हवी. पण स्वयंपाकघराची वही वेगळी. तिच्यात बाहेरून कोण आलं, याला फारसं महत्त्व नसतं. आलेल्याची चव इथल्या चिंचेशी जमली की नाही, एवढंच ती पाहते.

ते गृहस्थ पुन्हा भेटले, तर त्यांना घरी जेवायला बोलावणार आहे. भरली वांगी करू. त्यांना बघारा बैंगन म्हणायचं असेल, तरी आमची हरकत नाही. भाकरी मात्र ज्वारीचीच असेल.