सुरक्षेची शपथ नक्की कोणी घ्यायची?

दर ४ मार्चला कामगारांकडून सुरक्षेची शपथ वदवून घेतली जाते. जणू अपघात त्यांच्या निष्काळजीपणानेच होतात! बाबासाहेबांची वाट वेगळी होती. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादकडच्या कोळसा खाणीत उतरले. १९४४ साली खाण कामगारांसाठी कल्याण निधी आला, तोही कोळशावरच्या करातून. १९४६ साली बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला; थकलेल्या हाताला पोस्टर काय वाचवणार?

आणि गटारात उतरणारे आपले बांधव? सुरक्षा साधनांविना गटारात उतरवणे गुन्हा ठरवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच सांगितले. माणसे तरीही मरतात. शपथेच्या रांगेत कंत्राटदार मात्र आम्हाला अजून दिसलेला नाही.