यीस्ट राखण्याचीं पात्रें

जुन्या कागदांचा अभ्यास करणाऱ्यास कागदाइतकेंच त्याचें बासनहि बोलतें, हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पेशवे दफ्तरांतील एखादें पत्र कोणत्या रुमालांत बांधलेलें सांपडलें, पोथी लाकडी फळ्यांमध्यें होती कीं नुसत्या फडक्यांत, ह्यावरून तिचा प्रवास अनेकदां ताडतां येतो. आणि बासन टाकून पान तेवढें ठेवणाऱ्या संग्राहकांच्या नांवानें आपण किती वेळां हळहळलों आहों! हाच प्रश्न एका सर्वस्वी निराळ्या क्षेत्रांत कसा उभा राहतो, तें येथें दाखविण्याचें योजिलें आहे. हें क्षेत्र म्हणजे उत्तर युरोपांतील घरगुती बीअर, आणि ती आंबविणारें यीस्ट एका हंगामापासून दुसऱ्या हंगामापर्यंत ज्यांत राखीत तीं पात्रें. विषय मद्याचा म्हणून सोवळ्या वाचकांनीं पान उलटूं नये. कौटिल्यानेंहि सुराध्यक्षाच्या प्रकरणांत किण्वबंध कसा करावा, त्यांत माष किती व तांदूळ किती, हें मापानिशीं सांगण्यांत संकोच मानलेला नाहीं.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील खेड्यांत बीअर ही विकत घेण्याची वस्तु नव्हती. नाताळ, लग्न, बारसें, प्रेतसंस्कार व गवताची कापणी ह्या प्रसंगीं ती घरींच होत असे. गुलातिंग ह्या जुन्या न्यायसभेच्या कायद्यांत तर सणासाठीं बीअर करणें हें शेतकऱ्याचें कर्तव्य ठरविलें असून तें चुकविणारास दंड सांगितला आहे. म्हणजे बीअर वर्षांतून थोड्याच वेळां व्हावयाची, पण झालीच पाहिजे अशी. जव दर वर्षीं शेतांत पिके, पाणी ओढ्यास असे. अडचण काय ती यीस्टची. नाताळांत वापरलेलें यीस्ट उन्हाळ्यांतील कापणीपर्यंत जिवंत ठेवावयाचें कशांत?

ह्या भागांत यीस्टला ‘क्वेइक’ म्हणतात, आणि त्या शब्दाचें नातें ‘पेटविणें’ ह्या अर्थाच्या जुन्या धातूशीं आहे. शेजारच्या घरून विस्तव आणून चूल पेटवावी तसें यीस्ट आणून पिंप पेटवावयाचें. आपल्याकडे विरजण मागून आणण्याची जी रीत आहे तीच तेथें यीस्टची होती. एका घरचें नासलें तर दुसऱ्या घरीं तें असे. लेवेनहुकनें इ. स. १६८० मध्यें सूक्ष्मदर्शकाखालीं यीस्टचे गोल कण पाहिले, आणि ते सजीव आहेत हें इ. स. १८३७ च्या सुमारास श्वान, कान्यार-लातूर प्रभृतींनीं दाखविलें. शेतकरणीस ह्यांतील कांहींच ठाऊक नव्हतें. तरी त्या वस्तूस जीव आहे असें समजूनच ती तिला वागवीत होती.

साधा उपाय ओल्या सांठवणीचा. पिंपाच्या तळाशीं बसलेला गाळ बाटलींत किंवा मातीच्या बरणींत भरावा आणि ती तळघरांत अथवा विहिरींत सोडावी. थंडाव्यानें यीस्ट निजून राहतें व कांहीं आठवडे सहज टिकतें. परंतु ह्यांत दोन्हीकडून संकट असे. बूच घट्ट मारलें तर आंत उरलेल्या साखरेवर यीस्टचें काम चालूच राहून वायु कोंडतो व बाटली फुटते. सैल ठेवलें तर बाहेरची हवा आंत जाऊन आंबट करणारे जंतु शिरतात. शिवाय महिने लोटले म्हणजे उपाशी पेशी आपलाच सांठा खाऊन मरूं लागतात, आणि गाळ काळपट होऊन त्यास घाण येते. ओलें पात्र हें जवळच्या मुदतीचें पात्र होय.

दीर्घ मुदतीसाठीं जो उपाय निघाला तो कोरडा होता, आणि तेथेंच पात्र ह्या शब्दाचा आपला नेहमींचा अर्थ अपुरा पडतो. कोणी यीस्ट तागाच्या कापडावर पसरून सुकवीत, कोणी गवताच्या वळलेल्या कड्यावर. कोणी भोंकें पाडलेला किंवा खांचा घातलेला लाकडाचा ओंडका पिंपांत बुडवून टांगून ठेवीत. सर्वांत कौशल्याची वस्तु म्हणजे यीस्टची माळ. लाकडाचे लहान लहान तुकडे कोरून ते एकमेकांत असे अडकवीत कीं त्यांचें एक लवचिक कडें व्हावें. माहिती नसलेल्या मनुष्यास ती वस्तु एखाद्या खेळण्यासारखी किंवा भिंतीवरच्या शोभेच्या कड्यासारखी वाटेल. तिचें प्रयोजन मात्र पूर्णपणें व्यवहाराचें आहे. तुकड्यांच्या बाजू व फटी मिळून यीस्टला बसावयास पुष्कळ जागा होते. थर पातळ बसल्यामुळें तो कुजण्यापूर्वींच वाळतो. आणि फटींच्या आंतील भाग धुळीपासून व घांसण्यापासून बचावतो. नव्या हंगामांत ही माळ जवाच्या कोमट गोड काढ्यांत सोडावयाची, फेंस चढला कीं पुन्हां बुडवून काढावयाची व वाळत टांगावयाची. औषधास पुटें द्यावीं तसे एकावर एक थर बसत जात.

ह्या चालीरीतींचा व्यवस्थित ग्रंथ इ. स. १९६९ मध्यें ऑड नॉर्डलँड ह्यांनीं प्रसिद्ध केला. गांवोगांव प्रश्नपत्रिका धाडून जीं उत्तरें मिळविलीं होतीं त्यांवर तो आधारलेला आहे. तोंवर बहुतेक घरांत दुकानचें पाव फुगविण्याचें यीस्ट आलेलें होतें, त्यामुळें उत्तरांपैकीं बरीचशीं म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींतून आलेलीं आहेत. तीं त्याच बेतानें वाचलीं पाहिजेत. कांहीं थोड्या घरांत मात्र जुनें यीस्ट खंड न पडतां चालत आलें, आणि एकविसाव्या शतकांत त्याचे नमुने प्रयोगशाळेंत पोहोंचले.

ही रीत नॉर्वेपुरतीच होती असेंहि नाहीं. हॅना ग्लास ह्या इंग्रज बाईचें पाकशास्त्रावरील पुस्तक प्रथम इ. स. १७४७ मध्यें निघालें. त्याच्या आवृत्तींत यीस्ट महिनोगणती राखण्याची कृति आहे. यीस्ट घोटून पातळ करावें, कोरड्या लाकडी तबकास किंवा टबास आंतून मऊ ब्रशानें त्याचा हात द्यावा, धूळ पडूं नये पण वारा लागावा म्हणून टब पालथा घालावा, आणि एक थर पुरता वाळल्यावर दुसरा द्यावा; बीअरसाठीं हवें असेल तर बर्च झाडाच्या काटक्यांची जुडी यीस्टांत बुडवून टांगावी, असा तिचा आशय. टबाचा थर पावासाठीं व काटक्यांची जुडी बीअरसाठीं, असा दुहेरी विचार करणाऱ्या बाईचें नांव सूक्ष्मजीवशास्त्राच्या इतिहासांत सहसा येत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. वाळविणें म्हणजे चाळण लावणें होय. दर खेपेस ज्या पेशींस कोरडेपणा सोसवत नाहीं त्या मरतात व ज्यांस सोसतो त्यांचा वंश पुढें चालतो. अशा पेशी ट्रेहॅलोज नांवाची साखर आपल्यांत सांठवितात व तिच्या आधारानें पाणी गेल्यावरहि तग धरतात. इ. स. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत नॉर्वेचीं हीं घरगुती यीस्टें बीअरच्या इतर यीस्टांहून वेगळा असा एक गट ठरलीं. इतर बीअरचीं यीस्टें ज्या उष्णतेंत बिघडतात त्या ४० अंश सेल्सिअसच्या आसपासहि हीं काम करतात. सर्व श्रेय लाकडी माळेसच द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. काढा ऊन असतांच यीस्ट घालण्याची व बीअर थोड्याच दिवसांत पिण्याची तेथली चालहि तितकीच कारण असली पाहिजे. परंतु माळेनें यीस्ट नुसतें राखलें नाहीं, तें घडविलें, एवढें म्हणण्यास हरकत दिसत नाहीं.

ह्याच्या अगदीं उलट टोकास डेन्मार्कमधील कार्ल्सबर्गची कांचेची कुपी आहे. त्या कारखान्याचा मूळ पुरुष जे. सी. जेकबसेन ह्यानें इ. स. १८४५ मध्यें म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यांतून यीस्ट आणलें. टपालगाडीच्या प्रत्येक मुक्कामीं उतरून पत्र्याच्या डब्यांवर तो गार पाणी ओतीत असे, अशी कथा आहे. ते डबे त्यानें उंच टोपींत लपविले होते असाहि एक पाठ ऐकूं येतो. तो मागाहून जडलेला अलंकार असावा. गार पाण्याची गोष्ट मात्र पटण्यासारखी आहे, कारण हें यीस्ट थंडींत काम करणारें, आणि पत्र्यांतून थंडावा लवकर आंत पोहोंचतो. पुढें त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेंत बीअरला दुर्गंधि व कडवटपणा येऊं लागला तेव्हां एमिल ख्रिश्चियन हॅन्सेन ह्यानें पिंपांतील यीस्ट अनेक जातींचें मिश्रण आहे हें दाखविलें, त्यांतून एकच पेशी वेगळी काढून तिची शुद्ध संतति वाढविली, आणि इ. स. १८८३ मध्यें ती कारखान्यांत वापरली. ती राखण्यास त्यानें कापसाचा बोळा बसविलेलीं कांचेचीं पात्रें व शेंकडा १० प्रमाणाचें साखरेचें पाणी पत्करलें. हवा आंत जाते, जंतु जात नाहींत; पाश्चरनें वांकड्या मानेच्या चंबूनें जें सिद्ध केलें होतें त्याचाच हा उपयोग. आजचीं बंद नळ्यांतील व द्रव नायट्रोजनांतील संग्रहालयें ह्याच वंशांतलीं.

हॅन्सेनची कुपी ही एका प्रतीवरून छापलेली शुद्ध आवृत्ति होय. ती नसती तर बीअरचे कारखाने रोगांतून सुटले नसते, हें निःसंशय. तथापि भांडारकर संस्थेनें इ. स. १९६६ मध्यें पुरी केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत नाकारलेले पाठ निदान तळाशीं छापले आहेत. कारखान्याच्या पिंपांत नाकारलेल्या यीस्टास अशी तळटीप मिळत नाहीं. नॉर्वेच्या माळेंत बहुधा एकाच घरचीं अनेक यीस्टें एकत्र नांदत असत. ती माळ म्हणजे पाठभेदांसकट चालत आलेली पोथी. घरगुती बीअर करणारा मनुष्य आज कुपी घेतो कीं वाळलेले पापुद्रे घेतो, ह्यावर कोणता ग्रंथ पुढें जाणार हें ठरतें.

आणि पात्र कधीं कधीं कोणाच्याहि इच्छेवांचून हें काम करतें. कलकत्त्याहून सिडनीकडे निघालेलें ‘सिडनी कोव्ह’ हें गलबत इ. स. १७९७ मध्यें टास्मानियाजवळील एका बेटापाशीं फुटलें. त्यांतील बीअरच्या बाटल्या इ. स. १९९० नंतरच्या उत्खननांत वर आल्या, आणि पुढें लाँसेस्टनच्या संग्रहालयांत त्यांतलें यीस्ट वाढवितां आलें. दोन शतकांचें बूच पूर्ण निर्दोष होतें कीं नाहीं अशी शंका चिकित्सकानें घ्यावी. ती घेऊनहि पुरावा मोलाचाच राहतो. त्याहून विलक्षण प्रकार इ. स. २०१९ मध्यें इस्राएलांतील संशोधकांनीं प्रसिद्ध केला. बीअर व मधाचें मद्य ह्यांसाठीं वापरलेल्या प्राचीन मृत्पात्रांच्या सूक्ष्म छिद्रांतून त्यांनीं जिवंत यीस्ट मिळविलें. पात्रांपैकीं सर्वांत जुनीं सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींचीं, नवीं इराणी अमलांतील. तुलनेसाठीं घेतलेल्या, मद्याशीं संबंध नसलेल्या खापरांत व आजूबाजूच्या मातींत तें जवळजवळ मिळालें नाहीं. तीच पेशी इतकीं सहस्रकें जगली असें कोणी म्हणत नाहीं. त्या छिद्रांत वसाहत करून पिढ्यान्‌पिढ्या तिचा वंश राहिला, असा त्यांचा तर्क आहे.

हें वाचल्यावर प्रस्तुत लेखकास प्रथम आठवण झाली ती कोंकण-गोमंतकांतील माडाच्या शेंड्यावरील मडक्याची. माडी हवी असेल तेथें जुन्या मडक्याला चिकटलेला अंश तिला लागलीच आंबवितो. नीरा हवी असेल तेथें मडक्यास आंतून चुना फांसतात. एकाच आकाराचीं दोन मडकीं, पण एक यीस्ट राखणारें व दुसरें यीस्ट मारणारें! गोव्यांतील पोदेर जुन्या काळीं पावाचें पीठ ह्याच सुरेनें फुगवीत असत, तेव्हां त्या भागांतील पावाचा उगमहि कांहीं अंशीं मडक्याच्या तळाशींच शोधावा लागेल.

उत्खननांतून निघालेलें खापर पहिल्याच दिवशीं पाण्यानें व ब्रशानें स्वच्छ करण्याची पद्धत आहे, आणि घरोघरून मिळालेलीं जुनीं मडकीं व लाकडी भांडीं संग्रहांत ठेवण्यापूर्वीं घांसून लखलखीत करण्याची हौस आपल्याकडे फार. माडी काढण्याचें जुनें मडकें हातीं आल्यास धुण्यापूर्वीं त्याच्या आंतल्या बाजूस चुना आहे कीं नुसता काळसर थर आहे, तो तळाशीं आहे कीं गळ्यापाशीं, आणि तें मडकें कोणत्या गांवच्या माडावरचें, एवढें तरी टिपून ठेवावें, आणि थराचा एक कपचा कोरड्या कागदांत गुंडाळून मडक्याबरोबरच ठेवावा.