दोन यंत्रणा, एकच चूक

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधल्या कुरू येथून युरोपचा नवा अग्निबाण एरियान-५ प्रथमच झेपावला. चाळीसेक सेकंदांतच तो मार्ग सोडून वळला आणि फुटला. त्याबरोबर 'क्लस्टर' मोहिमेचे चार उपग्रहही गेले.

बिघडले काय? अग्निबाणाची स्थिती व वेग मोजणाऱ्या यंत्रणेची आज्ञावली जुन्या एरियान-४ वरून घेतली होती. तिच्यात आडव्या वेगाशी निगडित एक संख्या १६ बिटांच्या जागेत ठेवली जाई. या जागेत ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. एरियान-४ चा आडवा वेग कमी, म्हणून तेथे कधी अडले नाही. एरियान-५ चा वेग अधिक. संख्या मावेना आणि यंत्रणा बंद पडली. मुख्य संगणकाने तिचा बिघाडसंदेशच उड्डाणाची माहिती समजून अग्निबाण वळवला. वास्तविक, उड्डाणानंतर त्या गणिताची गरजच नव्हती!

जोडीला राखीव यंत्रणा होती. पण तिच्यातही तीच आज्ञावली, त्यामुळे ती क्षणभर आधीच बंद पडली होती. शेजाऱ्याचे गणित उतरवून घेतले तर दोघांची उत्तरे जुळतात, बरोबर मात्र ठरत नाहीत.

गणितज्ञ झाक-लुई लिऑन्स यांच्या समितीने जुलैत अहवाल दिला : नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून ही यंत्रणा तपासलीच नव्हती. पुढे एरियान-५ ने २०२३ पर्यंत सेवा दिली. आम्ही संशोधकही 'आजवर चालली' म्हणून जुनी आज्ञावली निर्धास्त वापरतो. ती कोणत्या मर्यादेत चालली, हे आधी विचारायला हवे.