तीन दिवस दुधाविना : शरीरशुद्धी आणि 'वेगन' आहाराची पहिली ओळख

दिवाळीचा फराळ संपला, लग्नसराईच्या पंगती उरकल्या, की पोट हलके करण्याची निकड अनेकांना जाणवू लागते. पूर्वी अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी लंघन सुचवीत. एखाद-दुसरा दिवस मुगाचे कढण आणि मऊ भात यांवर काढला जाई. आता त्याच गरजेला 'डिटॉक्स' हे नाव मिळाले असून, त्याच्या जोडीला दूध, दही, तूप आणि मधही वर्ज्य करणारा 'वेगन' आहार आला आहे. तीन ते सात दिवसांचा असा उपक्रम प्रथमच करू पाहणाऱ्यांनी त्यातून काय साधते, काय साधत नाही आणि कोठे थांबावे, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. पुणे परिसराला या विषयाचा जुना इतिहास आहे आणि या आहारातील सर्वांत महत्त्वाच्या उणिवेवरील संशोधनही याच शहरात झाले आहे.

दोन वेगळ्या गोष्टी

डिटॉक्स आणि वेगन आहार यांची अनेकदा गल्लत होते. डिटॉक्स म्हणजे ठराविक दिवस रस, फळे किंवा अल्पाहार घेऊन शरीर 'शुद्ध' करण्याचा प्रयत्न. वेगन आहार म्हणजे प्राणिजन्य पदार्थ पूर्णपणे टाळणारी जीवनपद्धती. 'वेगन' हा शब्द ब्रिटनमध्ये १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. आपल्याकडील शाकाहारात दुधाला मानाचे स्थान असल्याने, वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहून पदार्थ वेगन आहे असे समजता येत नाही. त्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले असून, वेगन पदार्थांसाठी इंग्रजी 'व्ही' अक्षराचे हिरवे चिन्ह ठरविण्यात आले आहे.

पुणे स्थानकापासून उरुळी कांचनपर्यंत

पुणे रेल्वे स्थानकाजवळील ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. महात्मा गांधींचे तेथे अनेकदा वास्तव्य झाले. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी याच कार्यासाठी स्थापन झालेल्या अखिल भारतीय निसर्गोपचार न्यासाच्या दस्तावर गांधीजींनी स्वाक्षरी केली. १८ नोव्हेंबर हा दिवस आता निसर्गोपचार दिन म्हणून पाळला जातो. त्याच 'बापू भवन' वास्तूत १९८६ मध्ये केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था सुरू झाली.

निसर्गोपचाराचा लाभ गरीब ग्रामस्थांना मिळावयाचा तर तो शहरात राहून चालणार नाही, असे गांधीजींचे मत झाले. मार्च १९४६ मध्ये ते पुण्याच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवरील उरुळी कांचन येथे गेले आणि तेथे निसर्गोपचार आश्रमाचा पाया घातला गेला. पुढे ती धुरा मणिभाई देसाई यांनी वाहिली. साधा आहार, जलोपचार, मातीचे लेप आणि विश्रांती ही या पद्धतीची अंगे होत.

दुधाबाबत मात्र गांधीजींचा अनुभव बोलका आहे. दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर असताना १९१२ मध्ये त्यांनी दुधाचा त्याग केला. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात त्यांना आमांशाने गाठले आणि प्रकृती अतिशय खालावली. दुधावाचून शक्ती भरून येणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले. आपले व्रत गाई-म्हशीच्या दुधापुरते होते, असा अर्थ लावून अखेर कस्तुरबांच्या सूचनेनुसार त्यांनी बकरीचे दूध घेतले. व्रताचे शब्द पाळले, पण त्याचा आत्मा दुखावला, ही खंत त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे नोंदविली आहे. पुढे ज्या उरुळीत त्यांनी आश्रम काढला, तेथेच मणिभाईंच्या गोपालनाच्या कार्यातून १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था उभी राहिली आणि संकरित दुभत्या जनावरांच्या पैदाशीसाठी ती देशभर ओळखली गेली. निसर्गोपचाराच्या परंपरेलाही दूध सहजासहजी सोडता आले नाही, हे यातून दिसते.

'विषद्रव्ये' खरोखर बाहेर पडतात का?

शरीरातील टाकाऊ आणि अपायकारक द्रव्यांची विल्हेवाट लावण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. विशिष्ट रस प्यायल्याने हे काम अधिक वेगाने होते, याला विश्वासार्ह आधार नाही. तीन दिवसांत दोन-तीन किलो वजन घटले, तर त्यात चरबी थोडी आणि पाणी अधिक असते. शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने साखर साठविते व त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. आहार घटताच हा साठा संपतो आणि पाणीही जाते. पूर्ववत जेवण सुरू होताच दोन्ही परततात.

दुसऱ्या दिवशी उठणारी डोकेदुखी ही 'विष बाहेर पडत असल्याची खूण' असल्याचे सांगितले जाते. बहुतेकदा तिचे कारण चहा-कॉफी एकदम बंद होणे हे असते. कॅफीन थांबल्यावर १२ ते २४ तासांत हा त्रास सुरू होतो, दुसऱ्या दिवसाच्या सुमारास तो सर्वाधिक असतो आणि आठवडाभरात बहुधा मावळतो. अमृततुल्यच्या चहावर दिवस सुरू करणाऱ्यांनी म्हणूनच आठ दिवस आधीपासून कप कमी करीत जावे.

तरीही असा अल्पकाळ निरर्थक नव्हे. तळलेले, गोड आणि खारट पदार्थ सुटतात, फळे-भाज्यांचे प्रमाण वाढते आणि भूक व सवय यांतील फरक कळू लागतो. खरा लाभ आहे तो हाच.

पुणेकरांच्या रक्तातील बी-१२

बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून विश्वसनीयरीत्या मिळत नाही. शाकाहारी व्यक्तीला ते प्रामुख्याने दूध आणि दुग्धजन्य पदार्थांतून मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. याचा अर्थ असा, की दूध पिणाऱ्या पुणेकरांपैकीही अनेकांची शिल्लक आधीच तुटपुंजी असते.

निरोगी माणसाच्या यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे तीन दिवसांच्या प्रयोगाने नवी कमतरता निर्माण होत नाही. परंतु प्रयोग मानवला म्हणून तो महिनोन्‌महिने लांबविणाऱ्यांनी आधी रक्ततपासणी करावी आणि वैद्यकीय सल्ल्याने बी-१२ ची गोळी नियमित घ्यावी. हातापायांना मुंग्या येणे, सततचा थकवा, जिभेचा दाह, विस्मरण ही कमतरतेची लक्षणे असू शकतात. स्पिरुलिनासारख्या शेवाळावर यासाठी विसंबणे योग्य नाही.

पहिले तीन दिवस कसे असावेत?

त्यासाठी महागड्या बाटल्यांची किंवा परदेशी बियांची गरज नाही. महाराष्ट्रीय स्वयंपाकातील कितीतरी पदार्थ मुळातच वेगन आहेत.

सकाळी : शेंगदाणे घातलेले पोहे किंवा तेलावर भाजलेले थालीपीठ, सोबत एक फळ.

दुपारी : ज्वारी वा बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी, शेंगदाण्याचे कूट व लिंबू घातलेली काकडीची कोशिंबीर.

संध्याकाळी : मूठभर भाजलेले चणे किंवा ताकाऐवजी पाण्यात केलेली नाचणीची आंबील.

रात्री : मुगाच्या डाळीची खिचडी, दुधी किंवा पडवळाची भाजी, सोबत नारळाचे दूध व आमसुलाची सोलकढी.

वरणभातावरील तुपाची धार, ताक आणि दुधाचा चहा या तीन ठिकाणी दूध नकळत येते, तिकडे लक्ष ठेवावे. कॅल्शियमसाठी नाचणी उपयुक्त आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. भाजलेले तीळही आहारात असावेत. एरवी कडधान्ये कमी खाणाऱ्यांनी त्यांचे प्रमाण हळूहळू वाढवावे, अन्यथा पोटात वायू धरतो. केवळ रसांवर राहू नये. रस काढताना चोथा जातो आणि प्रथिने जवळजवळ मिळत नाहीत.

दुधीच्या रसाबाबत विशेष खबरदारी आवश्यक आहे. कडू दुधीतील कुकुरबिटासिन हे द्रव्य विषारी असून, अशा रसाने मृत्यू ओढवल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा आणि तो कडू लागताच संपूर्ण फळ टाकून द्यावे. इतर रस मिसळून कडवटपणा झाकू नये. रस प्यायल्यानंतर उलटी, जुलाब किंवा अस्वस्थता जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

कोणी हा प्रयोग करू नये?

गर्भवती व स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले, अशक्त वृद्ध आणि आहाराच्या मानसिक विकारातून गेलेल्या व्यक्तींनी अल्पाहाराचे प्रयोग टाळावेत. इन्शुलिन किंवा साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्यांच्या रक्तातील साखर अकस्मात घसरू शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना नारळपाणी व फळांच्या रसातील पोटॅशियम, तसेच कच्च्या पालकातील ऑक्झलेट अपायकारक ठरू शकते. अशा सर्वांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नये, आणि चालू औषधे तर कोणीच परस्पर थांबवू नयेत.

चौथ्या दिवशी श्रीखंड-पुरीवर ताव मारला, तर 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीचा प्रत्यय येईल. त्यापेक्षा तीन दिवसांतील एखादी सवय, मग ती दुपारची उसळ असो वा एक कप चहा कमी करणे, कायम राखणे हिताचे. दूध पुन्हा घ्यावे की न घ्यावे, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. मात्र ते कायमचे सोडणाऱ्याने बी-१२ ची तजवीज त्याच दिवशी करावी.