रेषांच्या मैदानावरील चेहरे

ग्वाल्हेरच्या फूलबागेत सायंकाळी फेरफटका मारणाऱ्यास मंदिर, मशीद व गुरुद्वारा ही तिन्ही एकाच परिसरात दिसतात. माधवराव शिंदे यांच्या काळातील ही रचना पाहिली की मला याच नगरीत राहिलेल्या एका खेळाडूचे स्मरण होते. ते म्हणजे मेजर ध्यानचंद यांचे धाकटे बंधू, संस्थानी सैन्यातील कॅप्टन रूपसिंग.

११ ऑगस्ट १९३२ रोजी लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीत अमेरिकेस २४-१ असे हरविले. त्यांतील १० गोल एकट्या रूपसिंगांचे. परंतु गोलांइतकाच तो संघही पाहण्याजोगा आहे. कर्णधार लालशाह बुखारी. पाच गोल करणारे गुरमितसिंग. शिवाय टॅपसेल, हॅमंड व ॲलन हे अँग्लो-इंडियन. फूलबागेतील शेजारच जणू एका मैदानावर उतरला होता!

आता दुसरे चित्र पाहा. त्याच कॅलिफोर्नियातील डिस्नेच्या चित्रशाळेतून १९४५ साली ‘हॉकी होमिसाइड’ हा बर्फावरील हॉकीचा कार्टूनपट निघाला. त्यातील खेळाडू म्हणजे गूफी या एकाच पात्राच्या प्रतिकृती. विनोदासाठी ते शोभून गेले, हे खरे. तथापि त्यातून या कलेचा एक स्वभाव कळतो. कॅमेरा मैदानावर रोखला की तेथे असलेला माणूस आपोआप दिसतो. कार्टूनपटात मात्र कुणीतरी हाताने रेखाटल्यावाचून कोणीच दिसत नाही. म्हणूनच जो दिसत नाही, तो चित्रकाराकडूनच राहिलेला असतो.

आपल्याकडे या गोष्टीचे भान ठेवणारी माणसे झाली. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी १९७४ साली ‘एक, अनेक और एकता’ हा लघुपट केला. चित्रे भीमसेन व त्यांच्या सहकाऱ्यांची, संगीत वसंत देसाई यांचे. तो क्रीडापट नव्हे. पण नाना वेषांची, नाना भाषांची माणसे एकाच चौकटीत आवर्जून रेखाटावी लागतात, हे त्याने दूरदर्शनवरून घराघरांत दाखविले.

ग्वाल्हेरात रूपसिंगांच्या नावाचे स्टेडियम आहे. तेथे २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर यांनी नाबाद २०० धावा केल्या. त्या धावा माझ्या विद्यार्थ्यांस पाठ आहेत. ते १० गोल मात्र नाहीत. ती गोष्ट सांगून मी एकदा त्यांना वहीच्या कोपऱ्यांत पानोपानी हॉकीपटू काढावयास सांगितले; पाने भराभर उलटली की तो धावू लागतो. साऱ्या वर्गाने मुलगेच काढले. रोज पहाटे स्टिक घेऊन सरावास जाणारी एक मुलगी आहे, तिनेही मुलगाच काढला होता. मी कारण विचारले.

“सर, कार्टूनमध्ये असंच असतं,” ती म्हणाली.

मी फळ्याकडे वळलो. नमुना म्हणून मी स्वतः काढलेला खेळाडूही मुलगाच होता.

श्रोतेहो, याच ग्वाल्हेरात मुलींची हॉकी अकादमी आहे. तिच्या खेळाडू देशासाठी खेळल्या आहेत. मैदान कधीच पुढे गेले आहे, मागे राहिला आहे तो आपला खडू. उद्या कुणी रूपसिंगांच्या संघाचा कार्टूनपट काढावयास बसेल, तर त्याने अकरांचे अकरा चेहरे निरनिराळे काढावेत. आणि प्रेक्षकांत, हाती स्टिक घेतलेली एक मुलगीही काढावी.