नागीण तोफ आणि राजगडावरून दिसलेला जाळ

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला सिंहगडावर घेऊन गेलो होतो. वय वर्षं आठ. तानाजींच्या समाधीपाशी त्याने हात जोडले, पुतळा पाहिला आणि मग इकडेतिकडे बघत विचारलं, "मामा, नागीण कुठंय?"

नागीण म्हणजे तोफ. 'तान्हाजी: द अनसंग वॉरियर' या सिनेमातली. उदयभान ती अजस्र तोफ कोंढाण्यावर आणतो, तिचा रोख राजगडावर असतो आणि शेवटची सगळी मारामारी तिच्याभोवती फिरते. ती खरी नव्हती हे सांगितल्यावर त्याचा चेहरा असा पडला, की क्षणभर मलाच खोटं बोलल्यासारखं वाटलं.

हा सिनेमा १० जानेवारी २०२० ला आला. पहिल्याच आठवड्यात आम्ही चिंचोटीहून तीन बाइकवर सहा जण बघायला गेलो होतो. शिट्ट्या मारल्या. अजय देवगणला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पैसा तर धो धो आला. खुद्द सैफ अली खाननेही नंतर एका मुलाखतीत म्हटलं, की हा इतिहास आहे असं आपल्याला वाटत नाही. तेव्हा त्यावर बराच गदारोळ झाला. मला मात्र थिएटरबाहेर पडतानाच काहीतरी हातातून निसटल्यासारखं वाटत होतं. काय, ते कळायला काही वर्षं गेली.

आधी इंजिनिअरचा किडा. राजगड आणि सिंहगड यांच्यात सरळ रेषेत साधारण १५ किलोमीटर अंतर आहे. त्या काळच्या मोठ्या तोफेचा गोळा दोन-तीन किलोमीटर गेला तरी पुष्कळ. पण मी त्यावर अडलेलो नाही. खोटं मला चालतं. लहानपणी आजीने मला यशवंती घोरपडीची गोष्ट सांगितली होती, तीही खोटीच. घोरपडी आमच्याकडे नवीन नाहीत. तुंगारेश्वरच्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्याला त्या दिसतातच. "एवढीशी घोरपड माणसाचं वजन कसं पेलेल?" असं मी आजीशी भांडलोही होतो.

पण ती गोष्ट नीट ऐकली, तर घोरपड तिथे वजन पेलायला नाहीच. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात ती कड्यावरून अर्ध्यातूनच माघारी फिरते. अपशकुन! सगळ्यांच्या पोटात गोळा येतो आणि तानाजी तिलाच दमात घेतो. मुलाचं लग्न टाकून आलेला माणूस आहे. पुढे मरण आहे, हे एका मुक्या जनावराला कळलंय, ते त्यालाही कळलंय आणि तरी तो चढतो. शाहिराने हे सगळं एका घोरपडीकडून सांगून घेतलं.

आमच्या वसईकडच्या दंतकथेत तर तोफसुद्धा आहे. १७३९ च्या वेढ्यात किल्ला हाती येईना, तेव्हा चिमाजी अप्पा म्हणाले म्हणे, की निदान माझं डोकं तोफेला बांधून आत उडवा. प्रत्यक्षात सॅन सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग पेरून मराठ्यांनी तटाला भगदाड पाडलं, अतोनात माणसं गमावली आणि मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले. पण डोक्याची ती गोष्ट वसईत अजून सांगतात, कारण ती ऐकली की तीन महिन्यांचा वैताग आणि हट्ट एका दमात कळतो. तिथे तोफ माणसाबद्दल काहीतरी सांगते. सिनेमातली नागीण फक्त मोठी आहे.

आता सभासद बखर काय सांगते ते पाहू. शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांच्या आत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेली ही बखर. म्हणजे पोवाड्यांपेक्षा घटनेच्या बरीच जवळची. तिच्यात घोरपड नाही. निवडक मावळे रात्री वानरांसारखे कडा चढतात, त्यांच्यामागून तीनशेच्या आसपास माणूस वर जातो. पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यातला हा एक. १६७० च्या फेब्रुवारीत तो परत घ्यायचा होता. तानाजी आणि उदयभान दोघेही पडतात, भाऊ सूर्याजी हिंमत धरून लढाई पूर्ण करतो. मग मावळे गडावरच्या पागेची घरं पेटवून देतात. तो उजेड राजगडावरून महाराजांना दिसतो आणि ते म्हणतात, गड घेतला.

तानाजी गेल्याची बातमी घेऊन जासूद पोचतो दुसऱ्या दिवशी.

हे वाचलं तेव्हा मी रात्रपाळीत बसलो होतो, समोर सर्व्हर चालू असल्याचे हिरवे दिवे. बखरीतला तो जाळही एवढंच सांगू शकत होता: काम झालं. त्यासाठी कोण गेलं, हे जाळ सांगत नाही. राजगड ते सिंहगड हे १५ किलोमीटर सिनेमाने तोफगोळ्याने भरून काढले, आणि त्यात ही रात्रच गेली. 'गड आला पण सिंह गेला' हे नाव हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीला दिलं आणि ते आपल्या तोंडी बसलं. (महाराजांच्या १६६३ च्या पत्रात सिंहगड हे नाव आहे, म्हणजे गडाला ते आधीपासूनच होतं. असो.) पण बखरीत गड आला आणि माणूस गेला या दोन बातम्यांच्या मध्ये एक अख्खी रात्र आहे.

भाच्याला यातलं जमेल तेवढं सांगितलं. हवा स्वच्छ होती. दक्षिणेकडे बोट करून राजगड दाखवला, शेजारचा तोरणाही. त्याने माझा मोबाइल मागून घेतला, टॉर्च लावला आणि हात उंच करून राजगडाकडे धरला.

"तिकडून दिसेल?"

"एवढासा नाही दिसणार. पागाच पेटवावी लागेल."

तो हसला. मग टॉर्च बंद करून म्हणाला, "म्हणजे त्या रात्री महाराज खूश होते?"

"हो."

"आणि झोपले पण असतील?"

मला उत्तर सुचेना. गाडी खाली न्यायची वेळ झाली होती. म्हटलं, चिंचोटीला आलास की पणजीला विचार.