मुक्ती मिशन, केडगाव

मुक्ती मिशन : पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात, पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी स्थापलेली ख्रिस्ती आश्रयसंस्था. विधवा, परित्यक्ता, दुष्काळात निराधार झालेल्या मुली, अंध आणि वृद्ध स्त्रिया यांच्यासाठी ती उभी राहिली. ख्रिस्ती धर्मविचारात मुक्ती किंवा तारण म्हणजे पापापासून सुटका; केडगावात त्या सुटकेला भाकरी, अक्षर आणि हातातला धंदा यांची जोड होती. मुक्तीचे वेगळेपण यात आहे. परदेशातील ख्रिस्ती वर्तुळांत मात्र ती मुख्यतः १९०५ सालच्या धार्मिक जागृतीमुळे ओळखली जाते, आणि त्यात तिच्यावर थोडा अन्यायच होतो.

संस्थेची मुळे रमाबाईंच्या स्वतःच्या आयुष्यात आहेत. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही संस्कृतज्ञ कन्या. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली; रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत राहिले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि दोनच वर्षांत वैधव्य आले. पदरी मुलगी मनोरमा. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात ‘वाट चुकलेल्या’ स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवले होते. ते पाहिल्यावर, आणि येशूच्या शोमरोनी स्त्रीशी झालेल्या भेटीची गोष्ट ऐकल्यावर, आपले मन वळले असे त्यांनी पुढे लिहिले आहे. जिला समाजाने टाकले तिला जवळ करणारा देव त्यांना तेथे भेटला.

तरी धर्म स्वीकारला म्हणजे धर्मसत्ता स्वीकारली असे झाले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार या बाबतीत फार बोलका आहे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हा त्यांचा प्रश्न होता. अंडे घातलेले पुडिंगही त्या खात नसत. इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी सूचना निघाली, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती मुकाट्याने मानली नाही. एका बंधनातून सुटून दुसऱ्यात अडकायचे नाही, हा त्यांचा पवित्रा जन्मभर टिकला. पुढे मुक्तीतही त्यांनी कोणत्याही एका चर्चपंथाची मालकी येऊ दिली नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी बॉस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. रमाबाईंच्या नियोजित विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे तिने कबूल केले. शाळेत धर्मप्रचार करू नये, अशी अट होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ही शाळा, शारदा सदन, सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पुण्याला आली. गोदूबाई जोशी याच शाळेत शिकल्या; १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्याच वर्षी वाद पेटला. रमाबाईंच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे आणि काही मुली आपण होऊन आत जाऊन बसत. केसरी वृत्तपत्राने झोड उठवली, न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. अट मोडली की नाही, यावर आजही दोन मते संभवतात. रमाबाईंचे म्हणणे एवढेच, की आपल्या घरात आपण दार लावून प्रार्थना का करावी?

अमेरिकेची मदत कायमची नाही हे ओळखून त्यांनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली होती. उद्देश शेती आणि फळबाग. १८९६–९७ च्या दुष्काळाने तो बेत बदलला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. मदतछावण्यांतल्या उपाशी मुलींना दलाल गाठत होते. लहानपणीची स्वतःची उपासमार त्यांना तेथे पुन्हा दिसली. सुमारे ३०० मुली घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून मुलींना केडगावच्या माळावर ठेवावे लागले; तेथेच मुक्ती मिशन उभे राहिले. याच सुमारास प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हालांबद्दल ‘बॉम्बे गार्डियन’मधून सरकारवर टीका करायला त्या कचरल्या नाहीत, हे त्यांना राज्यकर्त्यांच्या धर्माच्या म्हणून हिणवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. १८९९–१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

एवढ्या माणसांना रोज जेवू घालायचे म्हणजे विहिरी खणणे, धान्य साठवणे, गुरे राखणे. मुलींच्या पाळ्या लागत : कोणी जात्यावर, कोणी हातमागावर, कोणी शेतात, कोणी छापखान्यात. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध आणि अपंगांसाठी प्रीती सदन, अंधांसाठी बार्तिमी सदन; अंध स्त्रियांना मनोरमा ब्रेल शिकवीत. जातीनिहाय पंगत नव्हती. शिस्त मात्र कडक होती आणि दिवस प्रार्थनेने बांधलेला असे. पुष्कळ मुलींनी बाप्तिस्मा घेतला. नुकत्याच उपासमारीतून आलेल्या पोरीची संमती कितपत मोकळी मानायची, हा टीकाकारांचा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पण ज्या घरांनी त्यांना टाकले होते, तेथे तर संमती विचारलीच गेली नव्हती.

१९०५ च्या जूनअखेर प्रार्थनागटांतून मोठी जागृती झाली. मुली रडत, पापकबुली देत, तासन्‌तास प्रार्थना करीत. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीच्या वालपराइसो येथील मिशनरी हूवर दांपत्यापर्यंत पोहोचली आणि तेथील पेंटेकोस्टल चळवळीला तिने चालना दिली. लॉस एंजेलिसची प्रसिद्ध अझुसा स्ट्रीटची जागृती १९०६ ची. म्हणजे केडगाव तिच्या आधीचे.

रमाबाईंची अखेरची वर्षे बायबलच्या भाषांतरात गेली. प्रचलित मराठी बायबल त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे; खेड्यातल्या बाईला वाचताना कोणाला अर्थ विचारावा लागू नये, असे त्यांना हवे होते. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. संस्था आजही केडगावात चालू आहे. रमाबाईंवर भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये तिकीट काढले.